छबूबाईची लुगडी

चिंचवड, १४ मार्च १९५६

चि. ज्योतीराम,

तुला आणि तुझ्या हातातल्या हत्यारांना आशीर्वाद. विशाखापट्टणच्या जहाजाच्या कारखान्यात लाकूड कमी आणि लोखंड फार, असं ऐकतो. लोखंडाला माया नसते. बोटं जपून काम कर.

तू पत्र लिहीत नाहीस म्हणून मीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शिमगा तोंडावर आला, आणि बापाच्या हट्टाला इतके दिवस दम निघाला हेच पुष्कळ.

तुझ्या आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू भरल्या ताटावरून उठलास. मी खुर्चीला तेल लावत होतो आणि माझ्या हातात तिच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, एवढं निमित्त. अरे, तिनंच मला जन्मभर विटकी लुगडी फाडून दिली. नवं कापड लाकडाला ओरखडतं. बाईमाणसाच्या अंगावर झिजलेलं, नदीवर आपटून आपटून सायीसारखं झालेलं लुगडं असलं, की तेल लाकडात कसं जिरत जातं! ती स्वतः म्हणायची, "माझी लुगडी सायबांच्या खुर्च्यांवर मिरवत्यात." आणि संध्याकाळी तेलाचा बोळा चुलीत सारायची. जाळ बरा धरतो म्हणायची.

पण जाताना तू म्हणालास, "आईला एकदा जाळली, आता रोज थोडी थोडी जाळता का?" ते माझ्या छातीत अडकलंय. त्या दिवसापासून एकही बोळा मी चुलीत घातला नाही. काम झालं की घडी घालतो आणि तिच्याच एका लुगड्याच्या पदरात बांधून ठेवतो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

काम बरं चाललंय. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झालाय, तिथल्या साहेबलोकांच्या बंगल्यांतलं सामान येतं. एका बाईंना बाटलीतल्या पॉलिशचा वास सोसत नाही, म्हणून त्यांनी आपली जुनी रीत मागितली. आधी रिठ्याच्या पाण्यानं मळ काढायचा, सावलीत वाळवायचं, मग तळेगावच्या घाण्यावरचं जवसाचं तेल आणि त्यात विरघळवलेलं मधाच्या पोळ्याचं मेण. रेषेरेषेनं चोळायचं. लाकूड पोटभर प्यालं की उरलेलं पुसून घ्यायचं. शिसवीचं टेबल असं उजळलं की सूनबाई दुर्गा त्यात बघून कुंकू लावून गेली.

परवा पडवीतली वेताची पाटी जरा करपली. चुलीची ठिणगी उडाली असेल. वारा होता. काळजीचं काही नाही.

दुर्गा तुझ्या पत्राची वाट बघते. बोलून दाखवत नाही, पण टपालवाला दिसला की उगाच अंगण झाडायला निघते. दोन ओळी टाक.

तुझा बाप,
आबाजी


चिंचवड, ६ एप्रिल १९५६

चि. ज्योतीराम,

आशीर्वाद.

मागच्या पत्रात वारा होता असं मी लिहिलं. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. चूलही विझलेली होती. तुला लांब काळजी नको म्हणून लिहिलं नाही, पण आता न लिहून भागत नाही.

त्या पाटीत तुझ्या आईचं गाठोडं होतं, तेच बोळ्यांचं. तेवढंच अर्धं जळलं होतं. उरलेलं मी घट्ट बांधलं आणि चुलीपासून लांब म्हणून माजघरातल्या वरच्या फळीवर ठेवलं. एखादी ठिणगी उडालीच तर लागू नये म्हणून वरून गोधडी दाबली. रोजचे नवे बोळे त्यातच खुपसत होतो. आता सांग, याच्यापेक्षा बंदोबस्त माणसानं काय करावा?

गेल्या सोमवारी दुपारी मी अंगणात एका कपाटाची दारं घासत होतो. दुर्गा पवनेवर धुणं घेऊन गेली होती. घरात कोणी नाही. आतून कडवट वास आला, तळणीचं तेल करपल्यासारखा. जाऊन पाहतो तर गोधडीला वरून काही नाही, पण आतून लाल. डोळा उघडावा तशी लाल. मी ओढून खाली पाडली आणि भडका झाला. तेवढ्यात दुर्गा दारात. डोक्यावरचं ओलं धुणं तिनं तसंच त्यावर टाकलं, वर पाय देऊन उभी राहिली. माझ्या हाताला थोडं पोळलं. थोडंच.

धूर बघून शेजारची अंबूबाई आली. तिची जीभ तुला माहीत आहे.

"आबाजी, फळीवर चूल मांडली व्हय?"

मी म्हणालो, "ठिणगी उडाली."

"ठिणगीला पंख फुटलं म्हणायचं!" मग आवाज खाली आणून, पण दुर्गाला ऐकू जाईल एवढाच खाली आणून म्हणाली, "सून निजामाच्या मुलखातली न्हवं तुमची? तिकडं भानामती लई. कापडं आपापली पेटत्यात. आनि छबूबाईचीच लुगडी बरी पेटली, हिचं येक न्हाई."

मी तिला दारातून घालवली. पण गेलेली बाई आणि गेलेलं बोलणं यांत फरक आहे. संध्याकाळपर्यंत विहिरीवर दुर्गाला कोणी घागर बुडवू देईना.

पोरीला आगीची धास्ती आधीपासूनच आहे, हे तुला तिनं सांगितलंय का? रझाकारांच्या वेळी तिच्या डोळ्यांदेखत घर पेटलं होतं. ती अजून उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन झोपते. मी समजत होतो तहान लागते. त्या दिवशी ओल्या राखेत बसून मला म्हणाली, "मामंजी, जाळ माझ्या मागं मागं यायलाय का हो?"

मी म्हणालो, "वेडी का काय!" पण माझा आवाज मलाच पोकळ लागला.

तू एकदा ये. नाहीतर तिला तरी लिही.

आबाजी


चिंचवड, २४ एप्रिल १९५६

ज्योतीराम,

तुझं पत्र आलं. मला नाही, तुझ्या चुलत्याला. रंगरावानं ते चावडीवर सगळ्यांच्या पुढं वाचलं. "तिला तिच्या भावाकडं पोचती करा, पुढचं पुढं पाहू." म्हणजे गावातून कोणीतरी तुला कळवलं आणि तू ते खरं मानलंस. माझ्या दोन पत्रांपेक्षा ते वजनदार झालं. बरं.

मी रागानं लिहीत नाही. मी भ्यालो आहे, आणि भ्यालेला माणूस रागावल्यासारखा दिसतो.

तिसऱ्यांदा पेटलं. या खेपेला तुझ्या आईची सागवानी पेटी. वाचलेल्या आणि नव्या बोळ्यांचं गाठोडं मी तिच्यात ठेवलं होतं, झाकण लावून, वर पाटा ठेवून. पेटीच्या आत कुठली चूल आणि कुठली ठिणगी? सकाळी झाकणाच्या फटीतून धुराची दोरी निघाली. मी झाकण उघडलं आणि जाळ तोंडावर आला. मिशी गेली. तुझ्या आईनं जपून ठेवलेलं, एकदाही न नेसलेलं जरीकाठी लुगडं गेलं.

आता अंबूबाईचं म्हणणं बदललंय. छबूबाई उठली म्हणते. सुनेनं आजारपणात हाल केले म्हणून उठली. अरे, त्या सुनेनं तुझ्या आईला लेकरासारखं धुतलं-पुसलं. मी पाहिलंय. पण माझ्या पाहण्याला कोण विचारतो?

रंगराव ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, पोरगी वाईट हाय असं आमी म्हनत न्हाई. तिच्या अंगात काय हाय ते तिलाबी ठावं नसंल. पर उद्या तुझं छप्पर पेटलं, तर माझं वाचतंय व्हय? भिंतीला भिंत हाय."

त्याची भीती खोटी नाही. त्याच्या घरात पाळणा हलतो. म्हणून त्याच्यावर मला ओरडता येईना.

ठरलं असं, की चैत्राच्या अवसेला चाकणच्या पलीकडच्या वाडीतला देवरुषी येणार. तो बाईला मिरच्यांच्या धुरीवर बसवतो, केस धरतो आणि आतलं बोलेपर्यंत सोडत नाही. त्यानं बसवलेली एक बाई मी पाहिली आहे. ती जिवंत आहे. पण हाक मारली तर तिला स्वतःचं नाव ओळखू येत नाही.

भावाकडं पाठवू म्हणालो, तर रंगराव म्हणतो, आता नाही. न उतरवता पाठवली तर मागं गावाला लागेल.

आणखी एक लिहितो. लिहायचं नव्हतं. पेटी जळाली त्या दिवशी मी घरातली काडेपेटी उचलून माझ्या बंडीच्या खिशात ठेवली. का ठेवली ते माझं मलाच सांगवेना. दुपारी दुर्गा चुलीपाशी इकडं तिकडं चाचपत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामंजी, काड्या मागायला मी अंबूबाईच्या दारात जाऊ का? तिथं तर मला बघून चुलीवरचं पाणीपण झाकतात."

मी काडेपेटी दिली. तिनं चूल पेटवली, भाकरी केली, माझं ताट वाढलं. मी जेवलो. तिच्या समोर बसून घास गिळताना मला भीती वाटत होती, ज्योती. पोरीची का तिच्यासाठी, ते वेगळं करता येत नव्हतं.

आबाजी


चिंचवड, ९ मे १९५६

चि. ज्योतीराम,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा अवस होऊन गेलेली असेल. तरी लिहितो. माझ्याशिवाय हे दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असायला हवं.

परवापासून दुर्गा रंगरावाच्या घरात आहे. पळून जाऊ नये म्हणून. रंगराव पाहुणी म्हणतो, पण बाहेरून कडी आहे. जाताना तिनं माझ्यासाठी भाकरी करून झाकून ठेवल्या. मी तिच्याकडं पाहू शकलो नाही.

रिकामं घर खायला उठलं, म्हणून काल सकाळपासून साहेबांच्या जेवणाच्या मोठ्या टेबलाला लागलो. भीती अशी हाताला लागली होती की हात थांबवला तर ओरडेन असं वाटे. तेल, चोळ, पूस. तेल, चोळ, पूस. तुझ्या आईचं शेवटचं लुगडं, ते जांभळं, सगळं फाडून संपवलं. बोळे एका टोपलीत दाबून भरले, वर तिच्या पांघरुणाची चौघडी टाकली, टोपली खाटेपाशी घेतली आणि दाराला आतून अडसर घालून पडलो. आज जे यायचं ते माझ्यासमोर येऊ दे म्हटलं.

ऊन कलायच्या सुमाराला डोळा उघडला. हात खाली लोंबत होता. मी तो टोपलीत, चौघडीखाली घातला.

आत ऊब होती.

नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी ऊब. माणसाची. मला वाटलं, तिनं हात धरला. खोटं सांगत नाही, मी तसाच पडून राहिलो. म्हटलं, "छबू, पोरीला सोड गं. तुला काय राग असेल तो माझ्यावर काढ." किती तरी बोललो तिच्याशी. इतक्या महिन्यांत बोललो नव्हतो तेवढं. आणि बोलता बोलता ऊब वाढत गेली. तापलेल्या लेकराच्या पोटासारखी झाली. मग चटका बसायला लागला आणि तो वास आला. करपलेल्या तेलाचा.

मी हात ओढला. टोपली उचलून अंगणात नेली, उलटी केली. वरचे बोळे गार होते. मधले कढत, काळपट. आग नाही, चूल नाही, दाराला अडसर, आणि दुर्गा कडीच्या आत. मी एकटा होतो, ज्योती. मी आणि तेल.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मावळात कोणी गवत ओलं असताना गंजी रचली तर ती आतून तापते. उकिरड्यात हात घातला तर पोळतो. तिथं कोण भानामती करतं? पाटी, फळी, पेटी. दर वेळी मी आदल्या दिवशी खूप तेलकाम केलं होतं, ओले बोळे त्या गाठोड्यात कोंबले होते. आणि दर पेटण्यानंतर मी ते आणखी घट्ट बांधलं, आणखी झाकलं. तुझी आई रोजचा बोळा रोज चुलीत घालायची, म्हणून कधी गाठोडं साठलंच नाही. तिला यातलं काही ठाऊक होतं असं नाही. तिची आपली रीत होती.

तरी मनातला किंतु जाईना. म्हटलं, लुगडी तिची आहेत. म्हणून आज पहाटे माझं स्वतःचं जुनं धोतर फाडलं. तिला यायचंच असेल तर माझ्या धोतरात कशाला येईल? तेलात बुडवलं, पिळलं, टोपलीत कोंबलं, झाकलं. जेवणवेळेला हात घातला. उकडत्या भातासारखं. वर पाण्याची घागर ओतली आणि भिंतीला टेकून पोरासारखा रडलो.

उद्या मी हे सगळ्या गावाला दाखवणार आहे. देवरुष्यानं पोरीला हात लावायच्या आधी. रंगरावाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "दाखव की दादा. आमाला काय पोरीशी वैर हाय?"

पण एक भीती जाऊन दुसरी बसलीय. उद्या नेमकं पेटलं नाही तर? तेल आहे ते, माझं ऐकेलच असं नाही. आभाळ आलं, गार वारा सुटला, तर टोपली गारच राहील आणि गाव हसेल. इतके दिवस देवाला म्हणत होतो, पेटू देऊ नको. आज म्हणतोय, पेटू दे.

आबाजी


चिंचवड, अक्षय्य तृतीया, १३ मे १९५६

चि. ज्योतीराम,

आशीर्वाद. अक्षरं मोठी आणि वाकडी आली तर समजून घे, डोळे थोडे चुरचुरतात.

अवसेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. सकाळीच मी रंगरावाच्या अंगणात माझ्या धोतराच्या चिंध्या सगळ्यांसमोर तेलात बुडवल्या, टोपलीत दाबल्या, वर पोतं टाकलं आणि शेजारी बसलो. समोर देवरुषी, त्याच्या पुढ्यात विस्तवाचं घमेलं आणि मिरच्या. त्याच्या बाजूला दुर्गा, मान खाली. तो तिला म्हणाला होता, तू हलायचं नाही. मी म्हणालो होतो, ती इथं नको. माझं कोणी ऐकलं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. लोक चुळबुळायला लागले. एक जण म्हणाला, "आबाजी, अंडी उबवायला ठेवलीस काय?" सगळे हसले. मीही हसलो, दातांवर दात आपटत होते ते दिसू नये म्हणून. किती वेळा पोत्याखाली हात घातला. गार. पुन्हा गार. दुर्गा माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

सावली लांबायला लागली तेव्हा हाताला ऊब लागली. मी रंगरावाला हाक मारली. त्यानं हात घातला आणि झटकला. "आयला, तापलंय!" मग धूर आला. मग पोत्याला काळं भोक पडलं आणि त्या भोकातून जाळ.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "बघितलंत? तेल हाय ते! गंजी पेटती तसं हाय!"

 मागून अंबूबाईचा आवाज आला, "अवो, ती बसलीया की तिथं! टोपलीकडंच टक लावून हुती. नजरंनं पेटवलंन!"

मला हे सुचलंच नव्हतं. दोन दिवस मी पेटेल की नाही एवढ्याच घोरात होतो. पेटल्यावर लोक कुठं बघतील, याचा विचारच केला नाही. ते टोपलीकडं बघत नव्हते, ज्योती. तिच्याकडं बघत होते. मी स्वतःच्या हातानं त्यांना पुरावा करून दिला होता.

देवरुष्यानं तिचे केस धरले. घमेल्यात मिरच्या पडल्या. पोरगी ओरडली नाही, तिनं फक्त "मामंजी" म्हटलं.

मी मध्ये गेलो. म्हणालो, "सोड तिला. तेल मी लावलं. चिंध्या मी कोंबल्या. आधीच्या तिन्ही वेळेला मीच. ह्या हातांनी हुतंय हे. ती नदीवर हुती, ती कडीच्या आत हुती, तरी झालं. माझ्या हातांनी."

देवरुष्यानं माझ्याकडं पाहिलं. तो मूर्ख नाही. हळूच म्हणाला, "म्हंजी करणी तुझी म्हनतोस, सुतारा?"

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. त्यांना तेल समजलं नाही, हात समजले. गावाला कोणीतरी हवं होतं. मी म्हणालो, "व्हय. माझी."

लोक असे मागं सरले, की जणू मीच पेटलो होतो. रंगराव "दादा" म्हणाला आणि तोही मागं सरला. मग तिच्याऐवजी मी धुरीवर बसलो. फार काही नाही. म्हाताऱ्या माणसाला उतरवून देवरुष्याला तरी काय शोभा? लवकरच सोडलं. मी बरा आहे. सुनेकडं आता कोणी बोट दाखवत नाही. उलट बायका तिला म्हणतात, बाई, तू कशी राहतेस त्याच्या घरात.

तेव्हा तू तिला टाकायचं कारण उरलं नाही. तिला तिकडं बोलावून घे, जागा लहान असली तरी चालेल. माझी काळजी करू नको. काम येतं, शेजारपाजार आहे.

डोळे आता फार पाणावतात, म्हणून दुर्गाला बसवतो. मी सांगतो, ती लिहील. तिला अक्षरं मीच शिकवली, रंधा मारलेल्या फळीवर पेन्सिलीनं, म्हणून वळण माझ्यासारखंच आहे.


मामंजी सांगायलेत आणि मी लिहायला बसले आहे. पण ते सांगतात ते मी लिहीत नाही. ते तुम्हाला बरं वाटंल तेवढंच सांगतात. ते समोर बसलेत, त्यांना वाटतं त्यांचंच लिहिते.

त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. लवकर सोडलं नाही, ऊन जाईपर्यंत बसवलं. त्यांनी आवाज केला नाही, मी इथं हाय म्हणून. गावातलं एकबी काम येत नाही. पिंपरीच्या बाईंना हे ठाऊक नाही, तेवढंच येतं, ते मी करते. ते शेजारी बसून बोटांनी चाचपून सांगतात, इथं कोरडं राहिलं, इथं पूस. शेजारपाजार म्हणजे अंबूबाईची पोरं, ती दारावर दगड टाकतात. आमच्या दारासमोरून जाताना माणसं थुंकून पुढं जातात. रंगरावमामा येतात, पण अंगणात उभे राहतात. आज सणाचं म्हणून मी तांब्या पुढं केला, तर म्हणाले तहान नाही. कपाळावरून घाम गळत होता.

मला अजून भीती वाटते. पण आता मला जाळाची वाटत नाही, माणसांची वाटते.

तुम्ही रंगरावमामांना लिहिलं की मला भावाकडं घाला. मी जात नाही. मामंजी म्हणतात मला तुमच्याकडं बोलवा. मी तिकडंबी येत नाही, यांना असं सोडून. तुम्हाला आई जाळल्याचा राग आला होता. हे काय चाललंय ते येऊन बघा.

यायचं तर दिवसा या. गाडीतून उतरला की मागच्या वाटेनं नको, बाजारातून चालत या, चावडीवरून या, सगळे बघत असताना. आमच्या ओट्यावर बसा. मी पाणी देते, ते सगळ्यांच्या देखत प्या, आणि मामंजींच्या हातचं प्या. मग मी तुमची बायको आहे का नाही ते आपण बोलू.

दुर्गा